ठरल्या वेळची माणुसकी

मराठवाड्यातील परोपकाराची सर्वांत जुनी रूपे पाण्याशी आणि अन्नाशी जोडलेली आहेत. पावसाचा भरवसा नसलेल्या आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या पुढे तापणाऱ्या या मुलखात तहानलेल्याला पाणी आणि भुकेल्याला भाकरी देणे ही निव्वळ सद्भावना नव्हती. आज जो देणारा, तोच उद्या वाटसरू असण्याची शक्यता होती. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत या रीतीचे जुने आणि नवे असे दोन्ही अवतार शेजारी शेजारी पाहायला मिळतात. चांगुलपणा मनात उत्पन्न होणे फारसे अवघड नसते. तो रोज, ठरल्या वेळी आणि ठरल्या जागी मिळेल अशी व्यवस्था लावणे कष्टाचे असते आणि श्रद्धेचा उपयोग बहुधा तिथेच होतो.

पाणपोई हे याचे सर्वांत साधे उदाहरण. गुढीपाडव्याच्या सुमारास बाजारपेठेत, एसटी स्टँडबाहेर, सरकारी दवाखान्यासमोर रांजण मांडले जातात. रांजण वाळूत अर्धा पुरलेला, भोवती ओले गोणपाट किंवा तांबडे फडके, तोंडावर लाकडी झाकण आणि त्याला साखळीने अडकवलेला पेला. रांजणाच्या मातीतून पाणी सूक्ष्म प्रमाणात झिरपते, उन्हाळी कोरड्या हवेत त्याची वाफ होते आणि ती होताना आतल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. म्हणूनच दमट कोकणापेक्षा कोरड्या मराठवाड्यात रांजणाचे पाणी अधिक गार लागते. मागच्या फलकावर बहुतेक वेळा कोणा दिवंगत आई-वडिलांचे नाव असते. मात्र पाणपोईचे खरे काम फलकामागे चालते. पहाटे रांजण धुवायचा, गाळून पाणी भरायचे, तुरटी फिरवायची, दुपारी पुन्हा भर घालायची आणि हे पाऊस पडेपर्यंत एकही दिवस न चुकता करायचे. उद्घाटनाचा फोटो पेपरात येतो, रांजण भरणाऱ्याचा येत नाही. आठवडाभरात कोरड्या पडलेल्या पाणपोया दर उन्हाळ्यात दिसतात, त्याचे कारण हेच. अलीकडे रांजणाची जागा वीस लिटरच्या जारने घेतली आहे. त्यात भरण्याचे कष्ट कमी, पण जार संपल्यावर दुसरा कोणी आणायचा हा प्रश्न तसाच राहतो. मोहरममध्ये अनेक गावांत सबील लागते आणि तिथे पाण्यासोबत सरबतही मिळते. तहानलेला माणूस फलकावरचे नाव वाचून पाणी पीत नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

अन्नाच्या बाबतीत 'वार लावून' शिकण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर रूढ होती. परगावी शिकायला आलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा सात घरी जेवत असे. प्रत्येक घराला आठवड्याला एका ताटाचा भार आणि त्यातून एका मुलाचे शिक्षण. हिशेबाच्या दृष्टीने ही योजना फार शहाणपणाची होती. एका घराला एकट्याने न पेलणारे ओझे सात घरांत वाटले की ते जाणवेनासे होते. पण तिची मर्यादाही तेवढीच ठळक होती. वार जातीच्या आतच लागत. ज्यांना सवर्णांच्या ओसरीवरही जागा नव्हती, त्यांच्या मुलांना ही सोय नव्हतीच. पाण्याचेही तसेच, अनेक ठिकाणी काहींना पेला मिळे आणि काहींच्या ओंजळीत वरून धार सोडली जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेव्हा वसतिगृहाला एवढे महत्त्व का दिले गेले, ते यावरून समजते. कोणाच्या तरी दयेवर मिळणारे ताट आणि हक्काने मिळणारे ताट यांत फरक असतो. मराठवाड्यातील परोपकाराचे गोडवे गाताना हा फरक बाजूला ठेवला, तर चित्र खोटे ठरेल.

पंगतीतील भेद मोडण्याचा एक जुना आणि आजतागायत चालू असलेला प्रयोग नांदेडमध्ये आहे, तो म्हणजे लंगर. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये गोदावरीकाठी नांदेडला आले आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला तिथेच त्यांचे देहावसान झाले. गुरुपद यापुढे ग्रंथसाहिबाकडे राहील, ही घोषणाही त्यांनी इथेच केली. तख्त सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. सध्याची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या पुढाकाराने १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली. तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होते. पंजाबातून आलेल्या शीख कुटुंबांपैकी बरीच इथेच स्थिरावली आणि आज त्यांचे वंशज मराठी, दखनी आणि पंजाबी सहज बोलतात.

लंगर, म्हणजे सर्वांना फुकट जेवण देणारे सामुदायिक स्वयंपाकघर, ही शीख परंपरेत गुरू नानकांपासूनची गोष्ट. दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नी माता खिवी यांनी स्वयंपाकघराची घडी बसवली. त्यांचा उल्लेख ग्रंथसाहिबात आहे, आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या स्त्रीची धर्मग्रंथात अशी दखल घेतली जाणे विरळाच. तिसरे गुरू अमरदास यांनी आधी पंगत, मग भेट असा दंडक घातला. दर्शनाला येणारा राजा असो की रंक, त्याने प्रथम इतरांच्या रांगेत जमिनीवर बसून जेवायचे. दंडकाचे मर्म जेवणापेक्षा बसण्याच्या जागेत आहे. भुकेल्याला अन्न पाठवून देता येते. त्याच्या शेजारी मांडी घालून बसायचे झाले, की उच्चनीचतेची बरीचशी ऐट आपोआप गळून पडते.

नांदेडमध्ये हुजूर साहिबाचे स्वतःचे लंगर आहे आणि गुरुद्वारा लंगर साहिब हे वेगळे स्थानही आहे. लंगर साहिबाची सुरुवात बाबा निधानसिंग यांच्याशी जोडली जाते. परंपरा सांगते, की पंजाबातून आलेले हे माजी सैनिक निराश होऊन परतीच्या वाटेला लागले होते, तेव्हा त्यांना गुरूंचा दृष्टान्त झाला. सेवा तू कर, खर्चाची काळजी माझ्यावर सोड, असा त्या दृष्टान्ताचा भाव. तेव्हापासून चूल विझलेली नाही, असे भाविक सांगतात. दृष्टान्तावर विश्वास ठेवणे न ठेवणे ज्याच्या त्याच्या मनावर. एवढे मात्र खरे, की शंभराहून अधिक वर्षे चालणाऱ्या स्वयंपाकघराला 'उद्याचा शिधा कुठून येणार' या प्रश्नाचे उत्तर लागतेच आणि ते उत्तर इथे श्रद्धेने दिले आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा बाजूला काढण्याची 'दसवंध' ही शीख रीत त्या उत्तराची व्यवहारी बाजू आहे.

लंगरात शिरताना पायताण जोडाघरात द्यायचे, डोके झाकायचे, हात-पाय धुवायचे. लांबलचक पट्ट्यांवर ओळीने बसले, की खणांची स्टीलची थाळी समोर येते. बादलीतून डाळ, पळीने भाजी. रोटी मात्र थाळीत टाकत नाहीत. दोन्ही तळवे पुढे करायचे आणि सेवादार त्यांवर ती ठेवतो. रोटीला इथे 'परशादा' म्हणतात, म्हणजे ती प्रसाद म्हणून घ्यायची. नाव, गाव, जात कोणी विचारत नाही. हवे तेवढे मागता येते, पण टाकून उठणे गैर मानले जाते. आत एका बाजूला कणकेचे गोळे, लाटणाऱ्यांची रांग, पुढे मोठा तवा, तूप लावणारे हात. दुसऱ्या बाजूला भांडी घासणाऱ्यांची रांग, पहिल्या हौदात खरकटे निघते, शेवटच्या हौदातून थाळी पुसायला जाते. कोणाला काही येत नसेल, तर लसूण सोलायला बसता येते. या रचनेत कोणाचेही काम मोठे नाही आणि कोणी एक आला नाही म्हणून काही अडत नाही. चांगुलपणा एका पुण्यवान माणसावर अवलंबून ठेवला, तर तो आजारी पडला की चूल बंद पडते. लंगराने ही जोखीम शेकडो हातांत वाटून टाकली आहे.

हीच रीत रेल्वेतही शिरली आहे. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास करते. वाटेतील ठरावीक स्थानकांवर, मराठवाड्यात परभणी-जालन्यापासून पुढे भोपाळ आणि दिल्लीपर्यंत, फलाटावर सेवादार बादल्या घेऊन उभे असतात आणि डब्यांतून फुकट जेवण वाढतात. कढी-भात, छोले, डाळ, खिचडी, बटाट्याची भाजी. जाणते प्रवासी घरून निघतानाच ताटली आणि डबा पिशवीत टाकतात. यात्रेकरू असणे ही अट नाही. वातानुकूलित डब्यातला व्यापारी आणि जनरल डब्यातला मजूर एकाच बादलीतले खातात. गाडी उशिरा धावत असेल, तर वाढणारेही ताटकळतात.

२०२० च्या टाळेबंदीत या व्यवस्थेची कसोटी लागली. मार्चअखेरीस देशभरची वाहतूक थांबली, तेव्हा पंजाबकडचे सुमारे चार हजार यात्रेकरू नांदेडला अडकले आणि महिनाभराहून अधिक काळ त्यांची राहण्याजेवण्याची सोय गुरुद्वाऱ्याने केली. त्याच सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील करंजी गावाजवळ, नागपूर–हैदराबाद महामार्गावर, एका साध्या पत्र्याच्या शेडमध्ये चालणारे लंगर देशभर गाजले. नांदेडच्या लंगर साहिबाशी संबंधित असलेले हे ठिकाण बाबा कर्नैलसिंग खैरा चालवत. त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. शहरांतून पायी निघालेले मजूर, ट्रकचालक, आसपासच्या वाड्यांवरचे आदिवासी यांच्यासाठी त्या लांबलचक ओसाड पट्ट्यात दुसरे अन्न मिळण्याची जागा जवळपास नव्हती. दहा आठवड्यांत वीस लाखांच्या आसपास लोकांना तिथे जेवण मिळाल्याचे त्या वेळी वृत्तसंस्थांनी नोंदवले. हे लंगर टाळेबंदीसाठी उघडलेले नव्हते. ते कित्येक वर्षे रोज चालू होते, म्हणूनच संकट आले तेव्हा चूल, भांडी आणि सवय तिन्ही तयार होती.

सवयीचे हे महत्त्व एका जुन्या प्रयोगातून वेगळ्या बाजूने दिसते. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर केलेला हा प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन बोलायचे होते. काहींचा विषय होता वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची बायबलमधील गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला ठेवला होता. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के आणि उशीर झाला आहे असे सांगितलेल्यांपैकी अवघे १० टक्के. बोलण्याचा विषय कोणता होता, याने विशेष फरक पडला नाही. दयेवर प्रवचन द्यायला निघालेला माणूसही घाईत असला की पडलेल्याला ओलांडून जातो, असा त्याचा रोखठोक अर्थ. श्रद्धा मन मऊ करते की नाही हा वादाचा विषय आहे. पण ती वेळ राखून ठेवायला लावते, आणि वेळ राखून ठेवलेला माणूस थांबतो.

आणखी एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शिकागोतील बर्फावर घसरण्याच्या मैदानात काही जणांनी अनोळखी माणसांना गरम चॉकलेटचा पेला दिला. देणाऱ्याला वाटत होते त्यापेक्षा घेणाऱ्याला झालेला आनंद बराच अधिक निघाला. देणारा वस्तूची किंमत मोजतो, घेणारा त्यामागची आपुलकी मोजतो. 'एवढ्याशा मदतीने काय होणार' म्हणून हात आखडणाऱ्यांचा अंदाज सहसा चुकतो, तो यामुळे.

लातूर जिल्ह्याला अशा मदतीची गरज फार मोठ्या प्रमाणावर पडली ती ३० सप्टेंबर १९९३ रोजी. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि विसर्जन उरकून लोक गाढ झोपेत होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे वजनदार धाबे असलेली घरे आतल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. पहिली मदत आली ती आसपासच्या गावांतून, टिकाव-खोरी घेऊन आणि पुष्कळदा नुसत्या हातांनी. लष्कर, पुढारी आणि वार्ताहर त्यानंतर पोचले.

पहिल्या आठवड्यातील मदतीला लाटेचे स्वरूप असते. भाकरी, पांघरुणे, जुन्या कपड्यांची गाठोडी येतात, त्यांत निरुपयोगी बरेच असते. लाट ओसरल्यावर जे उरते त्याची गोष्ट क्वचित सांगितली जाते. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. एक दिवस घास भरवणे आणि मूल शिकून मोठे होईपर्यंत त्याच्या वह्या, दुखणी, रुसवे सांभाळणे यांत अंतर आहे. पुढे संघटनेच्या पुण्याजवळील वाघोलीच्या संकुलात मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलेही आली.

दुसरे काम गावातच झाले. घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात लोकांना बोलते करण्यासाठी प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे जबाबदारी देण्यात आली. तेराशेच्या आसपास गावांत बायकांना 'संवाद सहायक' नेमले गेले. अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, भिंतीत पट्टा कुठे घालायचा, गवंड्याकडून काम कसे तपासून घ्यायचे, हे त्या घरोघर जाऊन सांगत. एरवी चार पुरुषांत तोंड न उघडणाऱ्या बायका साहेबांना सिमेंटचे प्रमाण विचारू लागल्या. त्यांच्या कामाला कोणी दया म्हणणार नाही. पण घर पुन्हा पडू नये म्हणून शेजारणीच्या भिंतीपाशी उभे राहणे ही काळजीच आहे.

लातूर पुन्हा देशाच्या नजरेस आले २०१६ मध्ये. सलग दुष्काळाने मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. पुढे वाघिणींची संख्या पन्नासवर गेली. लातूर–मिरज हा तोच मार्ग, ज्यावर पूर्वी बार्शी लाइटची छोटी गाडी पंढरीच्या वारकऱ्यांना घेऊन धावत असे. रेल्वेचे पाणी शहराला जगवायला आवश्यकच होते, पण गल्लीबोळांतला उन्हाळा निभावला तो बोअरला थोडेफार पाणी असलेल्या घरांनी दाराबाहेर काढून दिलेल्या नळीवर. ठरल्या वेळी नळी बाहेर यायची, घागरींची रांग लागायची, भांडणेही व्हायची. त्याच वर्षी गुढीपाडव्याला 'जलयुक्त लातूर' ही लोकचळवळ उभी राहिली आणि लोकवर्गणीतून मांजरा नदीच्या सुमारे १८ किलोमीटर पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. पुढे सप्टेंबरात धो धो पाऊस झाला. मात्र हेही नोंदवायला हवे, की उसासारखे पीक, बेसुमार उपसा आणि पाणीवाटपाचे ढिसाळ नियोजन यांवर वर्गणी हा उपाय नाही. शेजाऱ्याच्या नळीने तहान भागते, टंचाईची कारणे तशीच राहतात.

माणुसकीला सर्वांत जास्त विरोध जवळच्यांकडूनच होतो, याचा अनुभव लातूरजवळच्या औसा तालुक्यातील हासेगावात आला. पत्रकार आणि प्राध्यापक असलेले रवी बापटले यांनी २००७ मध्ये तिथे एचआयव्हीबाधित अनाथ मुलांसाठी 'सेवालय' सुरू केले. तेव्हा या आजाराची भीती अज्ञानातून आलेली आणि म्हणूनच जबर होती. सेवालयाची मुले गावच्या शाळेत आली, तेव्हा इतर पालकांनी आपली मुले शाळेत पाठवणे बंद केले. सोबत बसल्याने, एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही, हे वैद्यकीय सत्य शिक्षक, डॉक्टर आणि कार्यकर्ते पुनःपुन्हा सांगत राहिले. गाव एका सभेत बदलले नाही. बदलाची गती शाळेच्या बाकांवरच्या अंतराएवढी मंद होती.

अशा मुलांच्या बाबतीत मायेचे रूपही वेगळे असते. भारतात एचआयव्हीवरील एआरटी औषधे सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली, पण ती रोज, ठरल्या वेळी आणि आयुष्यभर घ्यावी लागतात. डोस वारंवार चुकले, तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो आणि मग महागड्या, दुसऱ्या फळीच्या औषधांवर जावे लागते. घरात आई-वडील नसलेल्या मुलाला गोळी घ्यायची आठवण कोणी करायची? सेवालयासारख्या ठिकाणी दिवसाचे वेळापत्रक या गोळीभोवतीच फिरते. जेवण, गोळी, शाळा, जेवण, गोळी. कंटाळून गोळी थुंकणाऱ्या मुलाशी रोज नव्याने गोड बोलावे लागते, पोरगा चौदा-पंधराचा झाला की 'मलाच का?' या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. अठरा वर्षांनंतर बालगृहाचा आधार संपतो, म्हणून मोठ्या झालेल्यांसाठी 'हॅपी इंडियन व्हिलेज' ही वेगळी वस्ती उभी राहिली. तिथे शेती, छोटे उद्योग आणि गाण्याबजावण्याचे कार्यक्रम चालतात, बाधित तरुण-तरुणींची लग्नेही लागली आहेत. औषधे नियमित घेणाऱ्या आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता अगदी कमी असते, त्यामुळे या जोडप्यांना निरोगी मूल होऊ शकते.